शिनूचा लेझर सोलापूरला नेला त्याची गोष्ट

"हळू! अरे हळू! पुढे गतिरोधक आहे, दिसत नाही का आंधळ्या? आदळलीस! घालवलंस सगळं!"

हा आरडाओरडा श्रीनिवासचा, म्हणजे माझ्या मित्राचा, शिनूचा. गाडी माझी, चालवत मीच होतो, आणि वेग असा की मघाशी उसाच्या एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं होतं आणि गाडीवानाने जाताना दया येऊन हात केला होता. टेंभुर्णी अजून यायची होती. पुण्याहून निघाल्यापासून हा माणूस प्रत्येक खड्ड्याला ओरडत होता, त्यामुळे त्याचा आवाज हडपसरलाच बसला होता. मांडीवर त्याने एक प्लास्टिकची डबी धरली होती, तीही दोन्ही हातांनी. नाकावर माशी बसली तर ती मी उडवायची, असा हुकूम होता.

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून घ्यायची मित्रांना सवय आहे. तुम्हीही खुशाल करा. वजा करून जे उरेल ते पुरेसं वाईट आहे.

डबीत काय होतं ते आधी सांगतो. शिनूने आणि मी होस्टेलच्या एकाच खोलीत राहून विजेचं शिक्षण घेतलं. पुढे मी मोठ्या दिव्यांकडे वळलो. लग्नं, वराती, गणपती. माझ्या झोताने विमानं रस्ता चुकतात. शिनू लहान दिव्यांकडे वळला, आणि लहान म्हणजे किती? मोहरीच्या एका दाण्यावर त्या दिव्यांचं अख्खं गाव वसेल, आणि त्या गावाला मुंगीच्या जांभईइतकी वीज पुरेल. लेझर म्हणतात त्याला. तो कशाला हवा, हे शिनूने मला इतक्या वेळा समजावलंय की मला ते झोपेत पाठ आहे. संगणकाच्या चिपमध्ये निरोप तांब्याच्या तारांमधून पळतात. तारा केसाहून बारीक आणि निरोपांची गर्दी, त्यामुळे बरीचशी वीज नुसती गरम होण्यात जाते. तेच निरोप उजेडाने पाठवले तर तापायला काही उरत नाही आणि वीज वाचते. पण त्यासाठी दिवा चिपच्या पोटातच लागायला हवा.

असले लेझर जगात पुष्कळांनी केलेत. फक्त ते फार लाडावलेले असतात. त्यांना थंडावा लागतो, जरा गरम झालं की विझतात. आणि चिपच्या पोटात तर बारमाही सोलापूरचा मे महिना. शिनू सोलापूरचाच, भवानी पेठेतला. त्याने ठरवलं की आपल्या गावच्या उन्हात तगेल असा लेझर करायचा. ह्या एका गोष्टीपायी त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, ठरलेलं लग्न गेलं. शेवटी लेझर लागला. पंखा नाही, कूलर नाही, खाली गरम पत्रा ठेवला तरी लागला.

आणि लागला त्याच सुमारास पुण्याच्या प्रयोगशाळेने त्याचा विभाग गुंडाळला. ज्या मशीनवर लेझरचे स्फटिक वाढवायचे ते भंगारात काढलं. लेझर बसवलेल्या आधीच्या चिपा एकेक करून मेल्या होत्या, चालणारी एकच उरली होती. मग सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या चेअरमनसाहेबांनी कळवलं की लेझर आमच्यासमोर लावून दाखवा, तळघरातली खोली तुमची, आणि ते मशीनही आम्ही उचलून आणतो. नाही लागला, तर विषय संपला. नवी चिप करायला मशीन हवं, मशीन वाचवायला चिप हवी. अशी ही डबी होती.

"नाही झालं तर?" मी गाडीत एकदाच विचारलं.

"तर काही नाही," शिनू म्हणाला. "घरी माग आहेत की."

टेंभुर्णी

टेंभुर्णीला जेवायला थांबलो. हा चौरस्ता म्हणजे ट्रकांची जत्रा. ऊन असं की ढाब्यासमोर एक म्हैस स्वतःच्या सावलीत बसता यावं म्हणून स्वतःभोवती गोल फिरत होती. आमच्या चिपळुणात पाणी विचारल्याशिवाय घरात शिरतं. इथे विहिरीच्या तळाशी वाकून बघितलं तर खालून कुणीतरी वर बघून पाणी मागेल असं वाटावं.

ढाबेवाल्याने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी पुढे ठेवली. ही कडक भाकरी पापडासारखी पातळ असते आणि महिनाभर टिकते. टिकणारच, कारण ती फोडायची हिंमत लवकर कुणाला होत नाही. आमटीचा पहिला घोट घेतला आणि मला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं.

शिनू एका हाताने जेवत होता, दुसरा हात डबीवर. ढाबेवाल्याला राहवेना.

"काय हाय ओ त्यात? सोनं हाय का?"

"सूर्याचं पिल्लू आहे," मी म्हणालो. "पुण्यात वाढवलंय. सोलापूरला सोडायला नेतोय."

ढाबेवाल्याने बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. डांबर वितळून चमकत होतं.

"हितं कशाला आणलंय त्याला?" तो म्हणाला. "त्याचा बाप रोज आमच्या उरावर बसतोय, तो काय कमी हाय?"

शिनू हसला. त्या प्रवासात तो हसला असेल तर इथेच.

भवानी पेठ

भवानी पेठ दिसायच्या आधी ऐकू येते. घराघरात तळमजल्यावर यंत्रमाग, वर माणसं. खटक-खटक-खटक हा आवाज भिंतीतून, जमिनीतून, पाण्याच्या तांब्यातून येतो. मी बसलो आणि माझ्या दातांनी आपणहून ताल धरला. शिनूच्या घरी चार माग, टॉवेलांचे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, चिडल्यावर दोन्ही. त्याचे वडील मल्लय्या, शिनू त्यांना नान्ना म्हणतो. जन्म मागाशेजारी गेल्यामुळे ते ऐकतात कमी आणि बोलतात पेठेला ऐकू जाईल असं. "पाणी हवंय का?" हे त्यांनी मला असं विचारलं की समोरच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन आली.

आई नरसम्मा. तिला सगळी गल्ली अम्मा म्हणते, मीही म्हणू लागलो. बुटकी, झपझप चालणारी. "तिनु, तिनु," म्हणजे खा, खा, असं म्हणत ती वाढतच राहते. धपाटे, दही, चिंचेचं आंबट सार. नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात घास. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, इथे पाहुण्याला भरतात.

जेवणं झाल्यावर शिनूने माडीवर टेबल मांडलं. प्रवासात चिप जगली की मेली, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मसुराच्या डाळीएवढी ती चिप त्याने चिमट्याने एका लहानशा लोखंडी ओट्यावर बसवली. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या सोन्याच्या तारा होत्या, म्हणजे शिनू सांगतो म्हणून होत्या, मला दिसल्या नाहीत. वर कॅमेरा, बाजूला उजेड कॅमेऱ्याकडे नेणारा काचेचा एक तंतू, आणि तो तंतू लेझरच्या तोंडाशी नेमका आणायचा. हा लेझरचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो.

पण खाली माग. खटक झालं की तंतू हलायचा. शिनूच्या हिशेबाने तो प्रत्येक खटक्याला एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होता. घामाने त्याचा चष्मा घसरत होता. त्याने तासभर झुंज दिली आणि मग हात खाली ठेवले.

"नाही होणार," तो म्हणाला. "उगाच आलो."

मल्लय्या जिन्यात उभे होते. ते खाली गेले. घरचे माग थांबले. पण शेजारचे चालूच, समोरचे चालूच. मग गल्लीतून त्यांचा आवाज आला, "बंद करा रे! समदे बंद करा! जरा येळ!"

एकेक माग थांबत गेला. शांतता गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेली. दिवसाढवळ्या अशी शांतता ह्या पेठेत एकाच कारणाने होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दारं उघडू लागली. बायका डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. पुरुष बनियनवर शर्ट चढवत आले. एक म्हातारी थेट आमच्या दाराशी येऊन डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

"कवा गेलं?" तिने विचारलं.

"कोण गेलं?" मी म्हणालो.

"तुमी सांगा की! माग का थांबलं?"

"कुणी गेलं नाही आजी. शिनूचा दिवा लागायचाय."

म्हातारीने पदर खाली घेतला. तिची जरा निराशा झाली असावी. "मंग बघून जाते," ती म्हणाली आणि जिना चढली. तिच्या मागून सगळी गल्ली.

आणि लागला. लॅपटॉपवर काळ्या अंधारात एक पांढरा ठिपका आला आणि थांबला. खोलीत पत्र्याच्या छताखाली आम्ही माणसं भाजून निघत होतो आणि तो ठिपका हलेना, मंद होईना. शिनू टेबलाला धरून उभा होता. मी आयुष्यात दिवे लावूनच पोट भरलं, पण दिव्याकडे असं बघताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"एवढुसाच?" मागून एक विणकर म्हणाला. "ह्याच्यापायी माझा टावेल अर्धा राह्यला की रं!"

"लई महाग हाय तो ठिपका, गप बघ," दुसरा म्हणाला.

शिनूने अम्माला पुढे घेतलं. तिला कॅमेऱ्याच्या भिंगाखाली चिप दाखवली, हळू आवाजात तेलुगूत समजावलं, आणि मग काडीच्या टोकाने लांबून दाखवलं की नेमकं कुठे आहे ते. हे एवढंसं, अम्मा, हे मी केलं. ती कमरेत वाकून फार वेळ बघत राहिली. मग दोन्ही हात जोडून तिने त्या डाळीएवढ्या तुकड्याला नमस्कार केला. गल्लीतले माग पुन्हा सुरू झाले तरी ती तिथेच उभी होती.

कॉलेज

दुसऱ्या दिवशी कॉलेजवर गेलो तर मांडव. एका ठिपक्यासाठी मांडव! फाटकावर शिनूचं नाव आणि चेअरमनसाहेबांचा फोटो. फोटो नावाहून मोठा. सभागृहात पंखे फिरत होते, पण सगळे मिळून तीच गरम हवा एकमेकांकडे ढकलत होते. अम्मा ठेवणीतली रेशमी साडी नेसून आली होती. मल्लय्यांनी टोपी घातली होती आणि ते पहिल्या रांगेत कुजबुजत होते, म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जात होतं.

शिनूने स्टेजवरच्या टेबलावर सगळं मांडलं, चिपवरचं झाकण काढलं, तंतू जुळवला. इथे माग नव्हते. लॅपटॉपवर ठिपका पटकन आला. मी स्वतः पाहिला. शिनूने घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला, वीज तेवढी बंद केली, बाकी काही हलवलं नाही. तेवढ्यात चेअरमनसाहेब आले आणि शिनूला फेटा बांधायला स्टेजच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेले. सोलापुरात फेट्याशिवाय विज्ञान सुरू होत नाही.

स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर चित्र येईना म्हणून मी टेबलाखाली शिरून प्लग तपासत होतो. टेबलाचा झालर लावलेला कपडा माझ्या तोंडावर. वर कॉलेजचा शिपाई कुणाला तरी म्हणत होता, "अम्मा, ताट तुमी घ्या. आईचाच मान असतोय."

मला कपड्याखालून पावलं दिसली. जोडवी, रेशमी काठ, पैंजण. उदबत्तीचा वास आला. ताटात नारळ गडगडल्याचा आवाज आला. आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटणं, देवाशी बोलतात तसं, लडिवाळ.

ह्यांच्याकडे नवा माग आला की पहिला धागा लावायच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. दसऱ्याला मागाच्या प्रत्येक सांध्याला लागतं. त्याशिवाय मागाला हात लावणं म्हणजे त्याचा अपमान. आणि कुंकू कुठेतरी कोपऱ्यात लावायचं नसतं. जिथे जीव असतो तिथे लावायचं असतं. जीव कुठे आहे ते तिला आदल्या दिवशी मुलानेच दाखवलं होतं.

मी धडपडत बाहेर आलो, डोकं टेबलाला आपटलं, पण अम्मा तोवर पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीकडे निघाली होती. ओट्याच्या लोखंडावर काही नव्हतं, कॅमेऱ्यावर काही नव्हतं. फक्त चिपच्या जागी कुंकवाचं एक गोल, ओलं, लालभडक बोट, आणि त्यावर दोन अक्षता. काचेचा तंतू मोडून बाजूला लोंबत होता.

मी शिनूकडे बघितलं. त्याच्या डोक्याला फेट्याचे वेढे पडत होते आणि तो लाजत होता.

पुढचं मला सांगवत नाही, पण सांगतो. शिनू टेबलाशी आला. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. त्याने वीज सुरू केली आणि पडद्यावर बघितलं. काळं. मग त्याने कॅमेऱ्याखालच्या चिपवर उजेड पाडला, आणि पडद्यावर लाल दगडांचा डोंगर आला. कुंकवाचे खडे, हत्तीएवढे. त्यांच्याखाली चिरडलेल्या सोन्याच्या तारा, वादळानंतरच्या विजेच्या तारांसारख्या. लोकांना वाटलं हेच लेझर. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

शिनूने वळून पहिल्या रांगेकडे बघितलं. अम्मा हसत होती. तिच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक लाल होतं. ती शेजारच्या बाईला मुलगा दाखवत होती.

"डॉक्टर," चेअरमनसाहेब माइकवर म्हणाले, "उजेड कुटं हाय? आमाला तर काय दिसना."

शिनूने चिपवर झाकण ठेवलं.

"कशानं अडलं? बोला की."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. कुणाचं नाव न घेता सांगता आलं असतं. अपघात झाला, आठवडाभर द्या, मशीन आणा, दुसरी चिप करून देतो. चेअरमनसाहेब भाविक माणूस, कुंकवाने बिघडलं म्हटलं असतं तर हळहळले असते, कदाचित मुदतही दिली असती. पण मग सगळं सभागृह, सगळी पेठ, एका बाईच्या बोटाकडे बघत राहिली असती. काल त्या दिव्यासाठी ह्याच पेठेने माग थांबवले होते.

शिनूने फेटा काढला आणि टेबलावर ठेवला.

"गरमीनं," तो म्हणाला. "इथल्या गरमीत टिकला नाही. बंद पडला."

मी त्याला धरून हलवावं असं मला वाटलं. ज्याच्यासाठी त्याने सगळं घालवलं, नेमकं तेच खोटं आहे, असं त्याने स्वतःच्या तोंडाने माइकवर सांगितलं.

"मंग ते सोलापुरात काय कामाचं ओ?" चेअरमनसाहेब म्हणाले. रागावले नाहीत, उलट खांद्यावर हात ठेवला. "थंड मुलखात बघा कुटंतरी. तळघरात आमी मोबाइल रिपेअरिंगचा वर्ग काढतो. जेवून जावा मात्र."

मांडव

कार्यक्रम फसला तरी जेवण फसत नाही. पंगतीत हुग्गी होती, म्हणजे इकडची गव्हाची खीर, वर तुपाची धार. एरवी मी पातेलंभर खाल्ली असती आणि वर पातेलं चाटल्याचं सांगितलं असतं. आज मी पंगत सोडून शिनूला शोधत निघालो.

हात धुवायच्या पिंपाजवळ मी शिनूला गाठलं. "खरं का नाही सांगितलंस?"

"जेवायला चल," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पुण्याहून. भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आलाय, मशीन न्यायचंय, थांबवायचा की जाऊ द्यायचा? शिनूने मांडवाच्या कापडाकडे बघत ऐकून घेतलं.

"जाऊ द्या," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

आम्ही पंगतीत जाऊन बसलो. एका बाजूला मी, एका बाजूला अम्मा. पलीकडे मल्लय्या कुणाला तरी समजावत होते की काल घरी लागला होता, सगळ्या गल्लीने पाहिला होता, आणि सगळा मांडव ते ऐकत होता. अम्माने आपल्या पानातलं तूप शिनूच्या पानात ओतलं. मग ती त्याच्याकडे वाकली.

"लई गरम झालं का रे त्याला?"

शिनूने मान डोलावली.

"काल सांगायचं की मला," ती म्हणाली. "मी शेजारी उभं राहून पदरानं वारा घातला असता."

"पुढच्या वेळी सांगतो," शिनू म्हणाला.